आपत्तीच्या आधीचे दोन तास

मंडळी, आपत्तीवर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: हे सगळं सुचतं कुठून? विचारणाऱ्याला वाटतं, आगीचे लोळ नाहीतर पुराचा लोंढा आधी डोळ्यांपुढे उभा राहत असणार. माझं तसं होत नाही. मला लिहायला बसवते ती त्याआधीची वेळ, जेव्हा निभावून नेणं अजून माणसांच्या हातात असतं.

14 एप्रिल 1944 चं घ्या. मुंबई बंदरातल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज दोन दिवसांपूर्वी लागलेलं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं आणि दारूगोळा, सोन्याच्या लगडी, आणि त्यातच कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! महायुद्ध चालू होतं, जहाजं अपुरी होती, म्हणून चालवून घेतलं गेलं. असा माल असला की लाल बावटा लावायचा असतो, तोही लावलेला नव्हता. दुपारी पावणेदोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज समुद्रात ओढून न्यायचं की जागच्या जागी बुडवायचं, हे काही ठरेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकानं तो धक्का टिपला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. आपण दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो, तो त्यांच्यासाठी.

सोन्याच्या लगडी कुठे कुठे जाऊन पडल्या, याचे किस्से लोक अजून रंगवून सांगतात. मला ते दोन-सव्वादोन तास सोडत नाहीत. धक्क्यावर बघ्यांची गर्दी आहे, माथाडी आपापल्या कामाला आहेत, शेजारच्या जहाजांना कुणी हलवलेलं नाही. नळी धरून उभ्या असलेल्या जवानाला तरी समोर काय भरलंय हे कुणी सांगितलं होतं का? माझं पात्र या प्रश्नातून जन्माला येतं.

26 जुलै 2005 तर आपल्यापैकी अनेकांनी अंगावर झेललाय. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस, आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. म्हणजे शहराच्या एका टोकाला लोक ऑफिसात बसून फाइली हातावेगळ्या करत होते आणि दुसऱ्या टोकाला माणसं बुडत होती. मिठी नदी आपण आधीच आवळून ठेवली होती: वरून विमानतळाची धावपट्टी, पुढे भराव, खारफुटीची कत्तल. पाणी तिच्या जागेवर आलं, तिथे आपण घरं बांधून बसलो होतो.

या पुरावरच्या माझ्या कादंबरीसाठी मी कलिन्यातल्या एका चाळीत बरीच बसले. तिथल्या एका मावशींनी सांगितलं, “पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा मी रेशनकार्ड आणि तांदळाचा डबा पोटमाळ्यावर टाकला, आणि चहा ठेवला. म्हटलं, ओसरेल तासाभरात. मग रिकामा सिलिंडर तरंगायला लागला आणि दारावर धडाधड आपटायला लागला, तेव्हा समजलं.” तो चहा मी जसाच्या तसा घेतला. असल्या गोष्टी टेबलाशी बसून सुचत नाहीत. इंग्रज लेखक डॅनियल डिफोनं लंडनच्या 1665 च्या प्लेगवर 1722 मध्ये पुस्तक लिहिलं. साथ आली तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा पोर होता. मग त्यानं काय केलं? आठवड्याच्या मृत्यूंच्या याद्या काढल्या, सरकारी हुकूम काढले आणि त्यांतून माणसं उभी केली. कल्पनाशक्तीलाही दप्तर लागतं.

कुणी म्हणतं, खऱ्या मेलेल्या माणसांवर कथा रचणं बरं नव्हे. हा आक्षेप मला मनापासून पटतो, म्हणून मी एक पथ्य पाळते. नावं, घरं, नाती बदलते. भरतीची वेळ, पावसाचा आकडा, जहाजातला माल यांना हात लावत नाही. कारण तिथे फेरफार केला की ज्यांच्या निर्णयांनी माणसं मेली, ते कथेतून अलगद सुटतात.

सध्या मी 1896 च्या प्लेगवर काम करतेय. सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. मला हवाय तो त्याच्या आधीचा महिना: धान्याच्या वखारीत उंदीर मरून पडताहेत आणि मुकादम झाडूवाल्याला सांगतोय, गाडी लागायच्या आत उचल.