स्टेन्सिल आणि शिवण

मंडळी, विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं ते न्यूयॉर्कमध्ये, 2 जुलै 1939 रोजी. शहरात तेव्हा मोठं जागतिक प्रदर्शन चालू होतं, तो मुहूर्त साधून. माणसं जमली 200च्या आसपास. बाकी सगळे रोजच्या कपड्यांत आणि दोघंच जण थेट भविष्यकाळातून उतरल्यासारखे. खांद्यावरून मागे सोडलेला हिरवा झगा, खाली ढगळ विजार घातलेला हा लॉस एंजेलिसचा 22 वर्षांचा विज्ञानकथांचा चाहता, फॉरेस्ट ॲकरमन. त्याच्याबरोबर तशाच भविष्यातल्या पेहरावात मर्टल डग्लस, वय 35.

दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले मर्टलने. नमुना घेतला विज्ञानकथांच्या मासिकांतल्या फ्रँक पॉलच्या चित्रांवरून. हा पॉलच त्या संमेलनाचा मानाचा पाहुणा होता! म्हणजे त्याने कागदावर रंगवलेला काळ त्याच्याच सत्काराला कापडात हजर झाला. पुढच्या वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेची रीतसर स्पर्धाच झाली. आज जगभर मुलं ‘कॉस्प्ले’ करतात, म्हणजे आवडत्या पात्रांचा वेश करून मिरवतात. तो शब्द जपानमधला, 1980च्या दशकातला. पण त्याचा एक धागा मर्टलच्या सुईपर्यंत जातो.

इतकं असून कित्येक वर्षं तिची ओळख एकच, ‘ॲकरमनची मैत्रीण’. मला हे फार खटकतं, म्हणून आज मुद्दाम तिच्यावर बोलतोय.

चाहत्यांच्या जगात तिला मर्टल कोणी म्हणत नसे. ती ‘मोरोयो’. ती आणि ॲकरमन दोघंही एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेचे कट्टर अभ्यासक. आद्याक्षरांचे एस्पेरांतो उच्चार जोडून तिने हे नाव घेतलं. आपल्याकडे नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने स्पर्धेला कथा पाठवली होती, तसाच हा प्रकार. विज्ञानकथेच्या माणसांना अक्षरांशी खेळायला आवडतं, हे खरं.

ही मंडळी एकमेकांना सापडली कशी? मासिकं वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापत. पत्ता दिसला की लोक थेट एकमेकांना लिहू लागले. लॉस एंजेलिसची मंडळी क्लिफ्टन्स कॅफेटेरियात जमत. मंदीचे दिवस, पण पैसे नाहीत म्हणून तिथून कुणी उपाशी परतत नसे. तिथेच रे ब्रॅडबरी नावाचा एक हुन्नरी पोरगा येई, पुढे नामवंत लेखक झालेला. त्याची पहिली कथा जानेवारी 1938मध्ये छापली ‘इमॅजिनेशन!’ या चाहत्यांच्या अंकाने. त्या अंकामागे राबणाऱ्यांत मोरोयो होती.

आता ‘राबणं’ म्हणजे काय, ते ज्यांनी सायक्लोस्टाइल केलंय, म्हणजे हाताने फिरवायच्या यंत्रावर प्रती काढल्यात, त्यांना सांगायला नको. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, मेणकागद म्हणजे स्टेन्सिल चढवायचा आणि प्रत्येक कळ सारख्या जोराने दाबायची. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही. जास्त झाला तर ‘ओ’चं पोट कापून गळून पडतं आणि कागदावर काळा ठिपका येतो. चूक झाली की त्यावर दुरुस्तीच्या द्रवाचा थर द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं. मग यंत्राचा दांडा फिरवायचा, पानं जुळवायची, टाचायची, तिकिटं लावायची. 1939पासून 1947पर्यंत ‘व्हॉइस ऑफ द इमॅजिनेशन’चे 50 अंक निघाले. संपादक दोघं, ॲकरमन आणि मोरोयो. अंकात काय? वाचकांची पत्रं. चाहत्यांनी काढलेल्या अशा अंकांसाठीचा ‘फॅन्झिन’ हा शब्दसुद्धा 1940चा, म्हणजे तिचं काम त्याच्याही आधीपासूनचं. शिवाय तिने स्वतःचा म्हणून वेगळा अंकही काढला.

1941च्या डेन्व्हर संमेलनात ती बेडकाचं तोंड लावून आली. तो मुखवटा बनवणारा तिचाच एक तरुण सवंगडी, रे हॅरीहाउसेन. पडद्यावर सांगाडे लढवून तो पुढे जगप्रसिद्ध झाला. मोरोयो 1964 साली गेली. हॅरीहाउसेनच्या कामावर पुस्तकं निघाली, ब्रॅडबरीची चरित्रं निघाली. ती वाचताना माझा हात आधी शेवटच्या नामसूचीकडे जातो आणि मी ‘म’ उघडतो.