लोपामुद्रा : एका विदर्भकन्येचं नाव

मुलींच्या नावांच्या कुठल्याही यादीत ‘लोपामुद्रा’ शोधा, समोर हमखास एकच ओळ येते : ‘अगस्त्य ऋषींची विदुषी पत्नी’. ती ओळ खरी आहे, पण तिच्यात नावाचा अर्थ सांगितलेला नाही. मग घरात कुणीतरी ‘लोप’ या अक्षरांवर बोट ठेवतं. लोप म्हणजे नाहीसं होणं. लेकीच्या नावात ते कशाला, असं म्हणून नाव बाजूला पडतं. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

संस्कृतात ‘लोप’ आणि ‘मुद्रा’ यांचा साधा समास केला तर ‘लोपमुद्रा’ होईल, ‘प’ ऱ्हस्व राहील. नावात मात्र ‘पा’ दीर्घ आहे. हा एक काना जुन्या पंडितांना स्वस्थ बसू देत नव्हता आणि त्यातूनच नावाच्या वेगवेगळ्या फोडी झाल्या. एक फोड ‘लोपा’ अधिक ‘आमुद्रा’ अशी : जिच्यापुढे इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान लोपतो ती लोपा, आणि जी विधात्याच्या सृष्टीवरच मोहर उठवते ती आमुद्रा. दुसरी फोड ‘लोप’ अधिक ‘अमुद्रा’ : पतिसेवेत खंड पडला, म्हणजे लोप झाला, तर जिला आनंद वाटत नाही ती. तिसरा अर्थ कथेतून आला. अगस्त्यांनी प्रत्येक प्राण्याचं जे सर्वांत सुंदर, ते घेऊन तिला घडवलं. हरणाच्या डोळ्यांची मुद्रा, म्हणजे खूण, तिच्यापुढे फिकी पडली, लोपली. या तिन्ही फोडी नाव रूढ झाल्यावर, त्याचा उलगडा करण्यासाठी बसवलेल्या आहेत. मूळ शब्द ऋग्वेदातला, इतका जुना, की त्याची व्युत्पत्ती छातीठोकपणे सांगू नये. पण घरातल्या आक्षेपाला उत्तर द्यायला पहिली आणि तिसरी फोड पुरेशी आहे. या दोन्हींत लोप होतो तो दुसऱ्यांच्या रूपगर्वाचा. नाव धारण करणारीचं काहीच हरवत नाही. पतिसेवेची फोड मला पटत नाही, कारण ऋग्वेदातली लोपामुद्रा तिच्या अगदी उलट बोलते.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १७९वं सूक्त उघडा. सहाच ऋचा आहेत. १६५ ते १९१ ही सूक्तं अगस्त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांच्या मधोमध हा नवरा-बायकोचा संवाद येतो. पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या. ‘पूर्वीरहं शरदः शश्रमाणा’ ही तिची सुरुवात. कितीतरी शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, उजाडणारी प्रत्येक पहाट म्हातारपण जवळ आणते, म्हातारपण शरीराची कांती हिरावून घेतं. तेव्हा पुरुषांनी आता पत्नीजवळ यावं, असं ती स्पष्ट म्हणते. तपश्चर्येत बुडालेल्या नवऱ्याला ती संसाराची आठवण करून देते. अगस्त्य तिला गप्प करत नाहीत. देव ज्यांचं रक्षण करतात त्यांचे श्रम वाया जात नाहीत, आपण दोघं जोडीनं पुढं झालो तर शंभर युक्त्यांची लढाईही जिंकू, असं त्यांचं उत्तर आहे. चौथ्या ऋचेत तिचं नाव प्रत्यक्ष येतं : ‘लोपामुद्रा वृषणं नी रिणाति’. पाचवी आणि सहावी ऋचा परंपरा अगस्त्यांच्या शिष्याकडे देते. त्यात ‘पुलुकामो हि मर्त्यः’, माणसाच्या इच्छा अनेक असतात, अशी समजूतदार कबुली आहे, आणि शेवटी अगस्त्यांनी तप आणि संतती दोन्ही साधलं, असं म्हटलं आहे. सूक्ताची देवता रती. बृहद्देवता या ग्रंथात ब्रह्मवादिनींची, म्हणजे वेदातल्या ऋषी-स्त्रियांची, यादी आहे. तिच्यात घोषा, विश्ववारा, अपाला यांच्याबरोबर लोपामुद्राही आहे.

आता महाभारताकडे वळू, कारण महाराष्ट्राचा संबंध तिथं येतो. वनपर्वात लोमश ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात. अगस्त्यांना आपले पितर एका खड्ड्यात डोकं खाली करून लोंबकळताना दिसतात. वंश खुंटेल म्हणून त्यांची ही गत. आपल्याजोगी वधू कुठं दिसेना, तेव्हा अगस्त्य एक कन्या निर्माण करतात आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाला देतात. ती राजवाड्यात वाढते, तिच्या दिमतीला शंभर दासी. उपवर झाल्यावर अगस्त्य मागणी घालतात. राजाला मुलगी द्यायची नसते आणि नाही म्हणायची हिंमतही होत नाही. तेव्हा लोपामुद्राच बापाला म्हणते, माझ्यामुळे दुःख करू नका, मला अगस्त्यांना द्या आणि स्वतःला वाचवा.

लग्नानंतर ती दागिने उतरवते, वल्कलं नेसते, गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारला, नवऱ्याबरोबर तप करते. पण अगस्त्य तिला जवळ बोलावतात तेव्हा ती अट घालते : माझ्या बापाच्या घरी होती तशी शय्या हवी, दागिने हवेत, तुम्हीही नटून या. माझ्याकडे धन कुठलं, असं ते म्हणतात. तपाच्या बळावर मिळवा, ती म्हणते. तप खर्ची पडेल, असं ते सांगतात, तर तप न घटवता मिळवा, असं तिचं म्हणणं. मग अगस्त्य श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या तीन राजांकडे जातात. प्रत्येक राजा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवतो. आय आणि व्यय सारखाच निघतो. इथून काही घेतलं तर प्रजेला झळ बसेल, म्हणून ते तिघांकडूनही काही घेत नाहीत. शेवटी ते धनाढ्य असुर इल्वलाकडे जातात आणि त्याचा भाऊ वातापी याला खाऊन पचवण्याचा प्रसंग घडतो. वातापीची गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ती ज्या मागणीमुळे घडली ती मागणी लोपामुद्रेची, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढं अगस्त्य विचारतात, हजार मुलं हवीत की हजारांना भारी एक? ती एक निवडते. तोच दृढस्यू; लहानपणीच यज्ञासाठी इंधनाचे भारे वाहून आणायचा म्हणून इध्मवाह.

श्रीविद्येच्या, म्हणजे त्रिपुरसुंदरी देवीच्या, उपासनेत तिचं स्थान वेगळंच आहे. पंचदशी या पंधरा अक्षरी मंत्राचा ‘ह’पासून सुरू होणारा पाठ, म्हणजे हादिविद्या, लोपामुद्रेच्या नावाने ओळखला जातो. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, लोपामुद्रेने पूजिलेली. सहस्रनाम म्हणणाऱ्या घरांतून हे नाव रोज उच्चारलं जातं, लक्षात मात्र येत नाही. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये तीच कावेरी : अगस्त्यांनी कमंडलूत ठेवलेली लोपामुद्रा नदी होऊन वाहिली, अशी तिथली श्रद्धा.

इतकं सगळं असून हे नाव मराठीत दुर्मीळ का? गार्गी, मैत्रेयी ही नावं आपल्याकडे रुळली, कारण त्यांच्या उपनिषदातल्या गोष्टी शाळेच्या पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून मुलांपुढे सांगता आल्या. लोपामुद्रेचं सूक्त शरीराच्या ओढीबद्दल उघड बोलतं, म्हणून ते वर्गात कधी आलं नाही. नाव पुसट राहण्याचं मुख्य कारण मी हेच मानतो. दुसरं कारण लांबीचं. गेल्या काही दशकांत मराठी पालकांचा कल दोन-तीन अक्षरी नावांकडे आहे, आणि इथं चार अक्षरं, त्यांत तीन दीर्घ. बंगाल आणि ओडिशात मात्र लांब संस्कृत नाव कागदोपत्री आणि छोटं नाव घरात अशी रीत असल्याने हे नाव टिकलं. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र हे तिथलं उदाहरण. आपल्याकडचं ठळक उदाहरण नेमकं विदर्भातलं : नागपूरची लोपामुद्रा राऊत, ‘बिग बॉस’ हिंदीच्या दहाव्या पर्वातली स्पर्धक.

शास्त्र बघणाऱ्यांसाठी थोडं. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या ग्रंथात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं, असं आहे. लोपामुद्रा आकारान्त आहे, पण अक्षरं चार, म्हणजे सम. मनुस्मृतीत मुलीचं नाव सुखाने उच्चारता येणारं, स्पष्ट अर्थाचं, मंगल आणि दीर्घ स्वरात संपणारं असावं, असं सांगितलं आहे. त्यातलं ‘स्पष्ट अर्थ’ इथं बसत नाही. ऋषिकेचं नाव त्या नियमात बसत नसेल तर मी नियम बाजूला ठेवेन. जन्माक्षर पाहणाऱ्यांना मात्र हे नाव सोयीचं आहे. भरणी नक्षत्राची अक्षरं ली, लू, ले, लो. त्यामुळे भरणीच्या चौथ्या चरणावर, मेष राशीत जन्मलेल्या मुलीला ‘लो’ येतं आणि ‘लो’वरून नावं शोधणारे पालक नाव न सापडून अडून बसतात.

नाव ठरलं तर कागदपत्रांत एका ठिकाणी हमखास चूक होते. रोमन लिपीत ‘लोपमुद्रा’ आणि ‘लोपामुद्रा’ दोन्ही त्याच नऊ अक्षरांत लिहिली जातात. नोंद करणारा इंग्रजी रकान्यावरून मराठी रकाना भरतो आणि ‘पा’चा काना जातो. म्हणून अर्जावर देवनागरी नाव आधी, सुट्या अक्षरांत लिहून द्या : लो, पा, मु, द्रा. ‘मु’ ऱ्हस्व. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण तेव्हा नाव ठरलेलंच असायला हवं असं नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून बाराव्या महिन्यापर्यंत विनाशुल्क नाव घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. दाखला हातात आला की खिडकीवरच मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार यांना हाच दाखला आधार धरला जातो, त्यामुळे इथली चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उमटते. पासपोर्टसाठी रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा. ‘पा’ दीर्घ दाखवायला एका कागदावर जादा ‘ए’ आणि दुसऱ्यावर एकच, असं होऊ देऊ नका.

राहिलं हाक मारायचं नाव. बंगालीत ‘लोपा’ सरळ चालतं. मराठी घरात ‘लोपा’ नको वाटत असेल तर ‘मुद्रा’ म्हणा. ते स्वतंत्र नाव म्हणूनही आता ऐकू येतं. मात्र शाळेच्या पटावर पूर्ण नावच घाला आणि पहिल्या दिवशी बाईंना ते एकदा उच्चारून दाखवा : ‘लोपा’ एका दमात, मग ‘मुद्रा’.