सोपो नकाशात कुठे दाखवायचा?

आज शाश्वत शहर हा विषय दिलाय, म्हणजे मी सोलर, ईव्ही बस, कचऱ्याचं सेग्रिगेशन यावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. ते सगळं हवंच. पण ते चालवणारी माणसं एकमेकांना ओळखत नसतील तर यातलं काहीही टिकत नाही, हे मला आज कळकळीने सांगायचंय.

आपली गोव्यातली खाजनं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, बघा. खारं पाणी अडवणारे बांध आणि त्यांना मानस, भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने बंद होणारी लाकडी दारं, ओहोटीला आपोआप उघडणारी. पण खेकड्याने बांध पोखरला तर तो बघायचा कोणी, रात्री माती टाकायला धावायचं कोणी? गावकारी, म्हणजे गावच्या जमिनीचा एकत्र कारभार बघणारी गावकऱ्यांची संस्था, होती, ज्यांची शेतं बांधाला लागून ते एकमेकांना घरापर्यंत ओळखायचे, म्हणून ते बांध शेकडो वर्षं उभे राहिले.

सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने साठच्या दशकाच्या शेवटी तीन रस्त्यांचा अभ्यास केला. दिवसाला साधारण २००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी ३ मित्र, आणि १६००० गाड्यांच्या रस्त्यावर ०.९, म्हणजे एक मित्रसुद्धा धड नाही. आपण रस्ता रुंद करताना गाड्या मोजतो, घरासमोरचा सोपो, म्हणजे शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसायची बैठक, गेला तर तो कुठल्या रजिस्टरात लिहितो सांगा.

आमचंच सांगते. पर्वरीला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा पोदेर, म्हणजे घरोघरी पाव देणारा, सायकलचा पोंपों वाजवत आत यायचा, जिन्यात सगळ्यांची गाठ पडायची. मग कमिटीने सिक्युरिटीचं कारण देऊन त्याला गेटवरच थांबवलं, पिशव्या केबिनच्या खिळ्याला लटकायला लागल्या. त्या पावसाळ्यात दोन दिवस लाईट नव्हती, लिफ्ट बंद, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींची पिशवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तशीच, आत कडक झालेले दोन उंडे, म्हणजे गोल पाव. झाडूवाल्या बाईच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर आम्ही बत्तीस घरं, कोणालाच पत्ता नव्हता. आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. वाचल्या. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेत ७०० च्या वर माणसं गेली, त्यात एकटे राहणारे म्हातारे कितीतरी. हे वाचलं की मला तो खिळा आठवतो.

आता एक मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी धरलीय, त्यातली ताळगाव, सुकूर यांसारखी गावं कागदावर शहरी पण कारभार पंचायतीचा, म्हणजे तिथे ग्रामसभा आहे, उठून विचारता येतं. ७४ व्या घटनादुरुस्तीत वॉर्ड समिती सक्तीची आहे ती ३ लाख किंवा जास्त वस्तीच्या पालिकेत, आणि गोव्यात एवढी मोठी पालिकाच नाही! म्हणजे उद्या गावाची नगरपालिका झाली की ग्रामसभा जाणार आणि तिच्या जागी काही येईलच असं नाही. लोकांनी एकत्र बसायची कायद्यातली जागाच गेली, मग प्लॅनवर हरकती घ्यायला एकेकटा माणूस अर्ज घेऊन किती धावणार? ग्रामसभेसारखी वॉर्डसभा प्रत्येक पालिकेत हवी, ३ लाखांची वाट न बघता, ही माझी मागणी आहे, आणि इथे बसलेल्या नगरसेवकांनी ती लिहून घ्यावी.

आमच्याकडे पोदेर आता परत वर येतो. त्यासाठी कमिटीच्या तीन मीटिंगा लागल्या, तिसऱ्या मीटिंगला आजी स्वतः काठी टेकत खाली आल्या होत्या.