तीन तासांनी पुन्हा रक्त

समजा, पहाटेचे पावणेतीन वाजलेत. छातीत भरून आलंय म्हणून एका काकांना मुलगा दवाखान्यात घेऊन आलाय. घरी आधी सोडा पिऊन झाला, ओवा चावून झाला, कारण आपल्याकडे छातीतलं दुखणं पहिल्यांदा ‘गॅस’च असतं. ईसीजी काढला, त्यात ठळक असं काही दिसत नाही. आता सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधून नळीभर रक्त घेतलंय. त्यात शोधायचंय ट्रोपोनिन.

हे प्रथिन राहतं हृदयाच्या स्नायूत; स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम येऊन त्याला चिकटतं, तेव्हा कुठे स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात. 1960च्या दशकात टोकियोत सेत्सुरो एबाशी यांनी ते शोधलं. त्यांना कोडं पडलं होतं ते स्नायू आकुंचन कसा पावतो याचं.

हार्ट अटॅक ओळखायला डॉक्टरांच्या हाती तेव्हा एसजीओटी होती, म्हणजे रक्तात मोजता येणारं एक एन्झाइम. हार्ट अटॅकनंतर ती रक्तात वाढते, हे 1954 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं. पण ती यकृतातूनही येते. पुढे सीपीके आली. ती तर अंगातल्या साऱ्या स्नायूंत; कमरेत घेतलेल्या साध्या इंजेक्शनानेही वाढायची! ट्रोपोनिनचे टी आणि आय हे दोन भाग मात्र हृदयात वेगळ्याच घडणीचे असतात. 1980च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हायडेलबर्गला ह्यूगो काटुस आणि सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन टी मोजायची तपासणी तयार केली. 2000 साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी हार्ट अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने मांडली.

आता काकांकडे परत येऊ. पहिला आकडा आला 11. मर्यादेच्या आत. मुलाचा जीव भांड्यात पडतो, तो विचारतो, ‘‘न्यायचं का घरी?’’

इथेच थांबायला हवं. स्नायूला इजा झाली तरी ट्रोपोनिन रक्तात उतरायला वेळ लागतो. दुखायला लागून तासही झाला नसेल, तर पहिला रिपोर्ट खुशाल नॉर्मल येतो. उलटही होतं. किडनीच्या जुन्या आजारात आकडा कायमच चढलेला राहतो, पण तो तासातासाला फारसा हलत नाही. म्हणून पाहायचं ते आकड्याचं चढणं-उतरणं. दुसरं रक्त साधारण तीन तासांनी घेतात. नव्या, अतिसंवेदनशील तपासण्यांमुळे काही ठिकाणी एक-दोन तासांतच. या तपासण्यांत बायकांची मर्यादा पुरुषांपेक्षा खाली धरावी लागते. एका प्रचलित तपासणीत पुरुषांसाठी ती 34 नॅनोग्रॅम प्रतिलिटर आहे, बायकांसाठी 16. पुरुषांचं माप लावलं, तर एखाद्या मावशींचा अटॅक नजरेतून सुटू शकतो.

एक गोष्ट मात्र पक्की. ईसीजीतच रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली, तर ट्रोपोनिनची वाट पाहत बसायचं नाही. उपचार लगेच.

काकांचा ईसीजी तसा नाही. म्हणून ते खाटेवर आहेत, मॉनिटर लावलेला आहे. पावणेसहाला दुसरी नळी लॅबमध्ये जाते.

आकडा येतो 64.