ओमनीचं 1-3-2

सकाळी नाशिकच्या सातपूर कॉलनीत उभं राहिलं ना, तर अजूनही एखादी जुनी ओमनी नुसत्या आवाजावरून ओळखू येते. तीन सिलिंडरचा आवाज, जरा घरघरता. 1984 ला मारुती व्हॅन म्हणून आली, मग ओमनी झाली, 2019 ला बंद झाली. 796 सीसीचं इंजिन, पुढची सीट उचलली की तिथेच. आमच्या घरी कार्बोरेटरवाली होती, म्हणजे पेट्रोल आणि हवा कार्बोरेटरमध्ये मिसळून इंजिनात जायची, आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात ते, मला तिनेच शिकवलं.

एका रविवारी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पाठवणाऱ्या भागाची, कॅप पुसायला म्हणून मी प्लगच्या तिन्ही वायर एकदम काढल्या आणि परत लावताना कॅपच्या आतला रोटर फिरतो त्या दिशेने ओळीने 1, 2, 3 लावल्या. सेल मारला तर कार्बोरेटरमधून फाटकन आवाज, लगेच मागे सायलेन्सरमधूनही. गाडी चालूच होईना. शेजारचे काका म्हणाले पेट्रोल पंप गेला असेल, आणि मी अर्धा दिवस तेच बघत बसलो.

आता क्रँक बघा, म्हणजे पिस्टन वरखाली झाले की फिरणारा दांडा. क्रँकच्या 2 चकरा म्हणजे 720 डिग्री, तेवढ्यात प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. सिलिंडर तीन, म्हणजे दर 240 डिग्रीला एक ठिणगी. आधी 1, मग 3, मग 2. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो म्हणून कॅपवर तेच अंतर 120 डिग्री होतं.

मी केलेल्या चुकीत 1 नंबर बरोबर होता, 2 आणि 3 ची अदलाबदल झाली होती. म्हणजे 3 ची ठिणगी गेली 2 मध्ये, आणि 2 त्यावेळी पेट्रोल-हवा आत ओढत होता, इनटेक व्हॉल्व्ह उघडा, मग आग कार्बोरेटरकडेच येणार ना. आणि 2 ची ठिणगी गेली 3 मध्ये, तो तेव्हा न पेटलेला माल बाहेर ढकलत होता, एक्झॉस्ट उघडा, म्हणून सायलेन्सरमध्ये फटाका. दोन्ही आवाजांचा हिशोब असा तंतोतंत लागतो, आणि मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

मारुतीच्याच चार सिलिंडरच्या ईको व्हॅनमध्ये क्रम 1-3-4-2. तिथे 1 आणि 4 चे पिस्टन सोबत वरखाली होतात, 2 आणि 3 चे सोबत, त्यामुळे 1 नंतर 4 पेटूच शकत नाही, अर्धी चकर फिरल्यावर वर येतात ते 2 आणि 3. म्हणजे हा नंबर कोणी मनाने ठरवलेला नाही, क्रँक आणि कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घडणीतून आलाय. नुसता पाठ करून उपयोग नाही.

संध्याकाळी अंबडचे एक मिस्त्री आले. म्हणाले, "भाऊ, वायर नको बघू, रोटर बघ." 1 नंबरचा प्लग काढला, भोकावर मला अंगठा धरायला लावला आणि पान्याने क्रँक हळूहळू फिरवला. आतून हवेने अंगठा ढकलला तसे ते सावकाश झाले, पिस्टन अगदी वर आल्याची खूण जुळवली. त्या क्षणी रोटरचं तोंड जिकडे, ती जागा 1 ची. तिथून रोटर फिरतो त्याच दिशेने पुढची 3 ची, त्यापुढची 2 ची. कॅपवर खडूने आकडे लिहिले, प्लग बसवला, वायर लावल्या.

सेल मारला आणि लगेच चालू झाली.