ओखामंडळचे शिंपले

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. लग्नघर. नवरीच्या नथीवर कॅमेरा थांबतो.)

नथीतले मोती बसऱ्याचे, असं बडोद्यातल्या मराठी घरांत अजून अभिमानानं सांगतात. खंडेराव महाराजांचा सातपदरी हारही बसऱ्याच्याच मोत्यांचा. पण बडोदे संस्थानाला स्वतःचाही समुद्र होता. इथून कितीतरी दूर, सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, ओखामंडळात.

सयाजीरावांच्या काळात, १९०५-०६ मध्ये, बडोदे सरकारनं जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जिवांची पाहणी करून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ साली छापला गेला. ओखा बंदर झालं १९२६ मध्ये. पाहणी बंदरासाठी नव्हती, हे खरं. तरी बंदर होण्याच्या सतरा वर्षं आधी तिथल्या शिंपल्यांची नोंद छापील कागदावर होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

(दृश्य: कच्छचं आखात, ओहोटी.)

आज या आखाताच्या काठी तेलशुद्धीकरण कारखाने, धक्के, पाइपलाइनी आहेत. नवं काही उभारण्याआधी शिंपले मोजायचे कसे?

ओहोटीला खडक उघडे पडतात. मोती-शिंपल्यांच्या अशा खडकांना इथे 'खड्डा' म्हणतात. खडकावर ठरावीक मापाची चौकट ठेवायची आणि आतला एकेक शिंपला मोजायचा. जिवंत किती, रिकामी टरफलं किती, प्रत्येकाची लांबी किती. लांबीवरून वयाचा अंदाज येतो. सगळे थोराडच सापडले, बारकी पिल्लं दिसलीच नाहीत, तर त्या खडकावर नवी पिढी रुजत नाहीये.

खडकाला चिकटून राहणारा शिंपला म्हणजे कालव. त्याचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्याबरोबर वाहतं. मग कठीण, स्वच्छ जागा शोधून चिकटतं, पुष्कळदा एखाद्या जुन्या कालवाच्याच पाठीवर. एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच. बंदरासाठी ड्रेजरनं तळ उपसला की पाणी गढुळतं आणि गाळ खडकावर बसतो. पिल्लांना जागा उरत नाही. मासे निघून जातात. मोठं कालव मात्र जागच्या जागी गुदमरतं.

(दृश्य: पावसाळी आभाळ, खाडीचं मुख.)

प्रकल्पांच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालासाठी बहुतेक वेळा एकाच मोसमाची माहिती घेतली जाते, तीही पावसाळा सोडून. पण पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरतं, पाण्याचा खारटपणा बदलतो, आणि कितीतरी कालवांची वीण या बदलाशीच बांधलेली असते. ती पाहायची तर वर्षभर, पावसातही, त्याच खडकावर पुन्हा पुन्हा जावं लागेल.

किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेतल्या संवेदनशील जागांच्या यादीत प्रवाळ आहेत, खारफुटी आहे, समुद्री गवत आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या खेकड्याची वस्तीसुद्धा आहे. कालवांच्या खडकांचं नाव नाही. ते त्या यादीत यायला हवं.