लोकसेवेची उमेदवारी

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात राज्यशास्त्र शिकवताना गेली अनेक वर्षे मी पाहतो आहे की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून आलेली मुले तिघांत एक खोली घेतात, पहाटेच अभ्यासिका गाठतात आणि राज्यसेवेच्या एकामागून एक परीक्षा देत राहतात. त्यांची चिकाटी मोठी आहे. परंतु ज्या कचेरीत पुढे आयुष्य काढायचे, तिचा कारभार आतून कसा चालतो, हे बहुतेकांनी पाहिलेले नसते. ‘उमेदवारी’ म्हणजे जाणत्याच्या हाताखाली राहून काम शिकणे, हा अर्थ मागे पडला आणि परीक्षेचा अर्ज तेवढा उरला. विद्यार्थ्यांना शिकता शिकता सरकारी कचेरीत बसून काम शिकवणाऱ्या, महाविद्यालयांच्या लोकसेवा फेलोशिपमधून तो जुना अर्थ परत यावा, असे मला मनापासून वाटते.

राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. ती चांगलीच आहे, पण पदवीनंतरची आहे आणि तिच्या जागा मोजक्या आहेत. पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलांची सोय महाविद्यालयांनाच करावी लागेल.

गेल्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी पंधरा दिवस एका तहसील कार्यालयात बसत होती. निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेतल्या एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी दुसऱ्यांदा आल्या होत्या. जन्मभर धानाची रोवणी करून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या आणि यंत्र ठसा घेत नव्हते. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम या मुलीला तोंडपाठ होता: अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाकारल्यास लेखी कारण दिले पाहिजे, दोन अपिले विभागात आणि तिसरे सेवा हक्क आयोगाकडे. मात्र ‘आता मी काय करू, बाई?’ असे आजींनी विचारताच तिला उत्तर देता येईना. मग तिने कारकुनाशेजारी बसून एक पानाची टिप्पणी लिहिली: अडचण काय, ठशाऐवजी ओळख कशी पटवता येईल, सही कोणाची लागेल. अधिकाऱ्यांनी ती दोनदा दुरुस्त करायला लावली, आणि तिसऱ्या दिवशी आजींना समक्ष पाहून सही केली. टिप्पणी लिहिण्याचा हा सराव कोणत्याही शिकवणीत होत नाही. माझ्या मते फेलोशिपचा निम्मा वेळ त्यालाच द्यावा.

विद्यावेतनाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. ते नसेल तर ज्यांच्या घरचे खोलीभाडे भरू शकतात तेवढीच मुले येतील, आणि ज्यांच्या घरातल्या माणसांनी सरकारी खिडकीपुढे दिवस घालवले आहेत ती बाहेरच राहतील. म्हणून आमच्या महाविद्यालयात येत्या सत्रापासून, माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने, दहाच जागा पण विद्यावेतनासह ठेवल्या आहेत. निवडीसाठी गुणपत्रिका मागणार नाही. आपल्या गावातल्या एका सरकारी कामाला किती खेपा पडल्या आणि का पडल्या, हे अर्जदाराने एका पानात, सोप्या मराठीत लिहून आणायचे आहे.